‘सलग’ नव्हे, अकरा वेळा

गणपतराव ऊर्फ आबा देशमुख यांच्यावरील लेख (रविवार पुरवणी) वाचला. लेख आवडला, पण ते सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून विधानसभेवर ‘सलग अकरा वेळा’ निवडून आले, हे विधान खटकले. अकरा वेळा हे खरे. सलग मात्र नव्हे. 1962 मध्ये ते प्रथम आमदार झाले. 1972 मध्ये त्यांचा पराभव झाला आणि दोनच वर्षांत, 1974 च्या पोटनिवडणुकीत, ते पुन्हा विधानसभेत आले. 1995 मध्ये शहाजीबापू पाटील यांच्याकडून ते अवघ्या 192 मतांनी हरले. 1999 मध्ये त्यांनी ती जागा परत मिळवली. ही चूक किरकोळ नाही. पराभव वगळला की आबांची थोरवी निम्मी झाकली जाते. हरल्यावर त्यांनी ना मतदारसंघ बदलला, ना पक्ष. शेतकरी कामगार पक्षाची राज्यातली ताकद ओसरत गेली, तरी 2014 ची अकरावी निवडणूकही त्यांनी त्याच लाल झेंड्याखाली जिंकली. हल्ली तिकीट नाकारल्याच्या संध्याकाळीच गळ्यात दुसऱ्या पक्षाचा पंचा पडतो, तेव्हा अकराच्या आकड्याइतकेच हे दोन पराभवही छापले जायला हवे होते.

— एक वाचक, पंढरपूर