मंत्रीसाहेब, हे पत्र डाव्या अंगठ्याने टाइप केलंय

मा. परिवहन मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार. शुद्धलेखन सांभाळून घ्या, उजवा हात प्लास्टरमध्ये आहे.

सोळा दिवसांपूर्वी कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला मी गाडीवर उभा होतो, लाल दिव्याला, उभा बरं का, आणि मागून एका कंपनीची स्टाफ बस आली, ड्रायव्हरचा मोबाईल कान आणि खांद्याच्या चिमटीत, त्याने ब्रेक मारेपर्यंत मी डिव्हायडरवर. खाली उतरून पठ्ठ्याचं पहिलं वाक्य, "काका एक मिनिट, कॉल चालूय". मनगट दोन ठिकाणी मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. शर्टाची बटणं बायको लावते, भाकरीचा तुकडा मोडायलाही तीच, आणि रात्री ठणका लागला की छताकडे बघत कायदा वाचतो, म्हणजे मोबाईलवरच.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ मध्ये स्पष्ट आहे, गाडी चालवताना हातात फोन धरणं म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंग, एक ते पाच हजार दंड, वर्षापर्यंत कैदसुद्धा. २०२० च्या नियमात सूट फक्त फोनच्या नकाशावर रस्ता बघायला, तीही लक्ष विचलित न करता. छान! पण चौकीत विचारतात, तो फोनवर होता याला पुरावा काय? सीसीटीव्ही आठ दिवसांत दाखवतो म्हणाले होते. माझं चाक झेब्राला टेकलं तेव्हा मात्र नंबरप्लेट, तारीख, मिनिट सगळं स्वच्छ दिसलं होतं, चलन घरपोच.

साधं गणित आहे साहेब, ताशी ३६ ला गाडी सेकंदाला १० मीटर जाते, तीन सेकंद मेसेज वाचला की ३० मीटर डोळे मिटून. ती डिलिव्हरीची पोरं बघा, ऑर्डर घ्यायची ती चालत्या गाडीवर, नाही घेतली तर पोटावर पाय, मग चलन कोणाला, पोराला! ॲपवाल्याला कोण विचारतो?

आणि पेट्रोल पंप. वर पाटी 'मोबाईल बंद ठेवा', तिच्याच खाली स्कॅन करा, पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबा. फोनने आग लागते की कपड्यांच्या स्टॅटिक विजेने यावर वाद घालता येईल, पण मग पाटी तरी काढा नाहीतर स्कॅनर मशिनपासून लांब न्या. दोन्ही ठेवायचं, म्हणजे काही झालं की पाटी होती म्हणता येतं. सगळा कारभार असाच पाटीवर चाललाय. जानेवारीत रस्ता सुरक्षा, फुगे, सेल्फी, फेब्रुवारीत परत खांद्यावर फोन.

मला फक्त ते फुटेज हवंय. प्लास्टर निघालं की सहीचं पत्र पाठवतो, तोवर अंगठा चालवून घ्या.

आपला,
कोथरूडचा एक डावखुरा (तात्पुरता)