पाच ग्रॅम वेलची नीट तोलून देणाऱ्या मावशींस

आदरणीय मावशी,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला माझे नाव ठाऊक नाही आणि तुमचे नाव विचारण्याचे मला त्या दिवशी सुचले नाही. लालबागच्या मसाला गल्लीत तुमच्या दुकानासमोरून रोज कितीतरी बायका पिशव्या घेऊन जात असतील. त्यांपैकी डोंबिवलीहून आलेली, हातात लांबलचक चिठ्ठी आणि पाकिटात मोजून ६०० रुपये असलेली एक बाई तुमच्या लक्षात राहिली असेल, अशी माझी समजूत नाही. तरीही हे पत्र लिहिते आहे, कारण दिवाळीपूर्वीच्या त्या दुपारपासून घरात फोडणी पडली की तुमची आठवण येते, आणि आभार मानायचे राहून गेल्याची रुखरुख आता सोसवत नाही.

त्या वेळी यजमानांच्या कंपनीने चार महिन्यांचा पगार थकवला होता. दरवर्षी गावाहून सासूबाईंच्या हातच्या मसाल्याची बरणी येई, म्हणून मसाल्यांचा विचार मला कधी करावाच लागला नव्हता. त्या वर्षी त्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि बरणी आली नाही. घरात तांदूळ होते, डाळ होती, पण हळदीच्या डब्याचा तळ दिसत होता आणि मिसळणाच्या डब्यातील सातपैकी चार वाट्या रिकाम्या होत्या. बिनमसाल्याची आमटी मुले दोन दिवस निमूट जेवली, तिसऱ्या दिवशी धाकट्याने ताट सरकवले.

तुमच्याकडे येण्याआधी मी दोन ठिकाणी हात पोळून घेतला होता, तेही सांगते. बरे दिवस असताना एका चकचकीत दुकानातून मी सोळा बाटल्यांचा फिरता स्टँड घेतला होता. विकणाऱ्या तरुणाने तो इतका कौतुकाने फिरवून दाखवला की आत काय भरले आहे, हे पाहायचे राहूनच गेले. त्यातील निम्म्या बाटल्यांमधील पाने आणि पुडी कोणत्या पदार्थात घालायच्या, हे मला आजवर कळलेले नाही. उरलेल्यांतील धणेपूड आणि जिरेपूड गॅसशेजारच्या उजेडात उभी राहून सहा महिन्यांत लाकडाच्या भुशासारखी झाली. दुसरे ठिकाण आमच्या घराजवळचेच. तिथे मी थोडी वेलची सुटी मागितली, तेव्हा मालकाने रांगेतील सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "एवढ्याशा वेलचीचं काय करणार, वहिनी? वास घेऊन परत ठेवणार?" लोक हसले. मी वेलची न घेता घरी आले आणि त्यानंतर बरेच दिवस दुसऱ्या रस्त्याने ये-जा केली.

म्हणून चिंचपोकळीला उतरून तुमच्या गल्लीत शिरले, तेव्हा मनाची पुरती तयारी केलेली होती. पहिल्या दोन दुकानांत मिरचीची पोती पाहूनच मागे फिरले. तुमच्यापाशी थांबले, कारण तुम्ही एकट्याच बसून मिरच्यांची देठे काढत होता. माझी चिठ्ठी तुम्ही सावकाश वाचली. बावीस जिन्नस होते. "किती आणलेत?" असे न विचारता तुम्ही विचारले, "घरात रोज काय शिजतं?" मी सांगितले: आमटी, उसळ, पालेभाजी, रविवारी जमलेच तर बांगडा. तेव्हा तुम्ही कानामागची पेन्सिल काढून माझ्या यादीवर काट मारायला सुरुवात केली. मसाला वेलची, बाद्यान, जायफळ, जायपत्री, शहाजिरे, खसखस, नागकेशर ही सगळी नावे गेली. विकणारी बाईच आपल्या हाताने आपली विक्री कमी करते आहे, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले.

जे राहिले त्याचे कारणही तुम्ही सांगत गेलात, आणि ते मी आजही तसेच्या तसे पाळते. धणे पाव किलो, कारण आमच्या जेवणाचा सगळा डोलारा धण्यांवर उभा असतो आणि ते स्वस्तही असतात. जिरे आणि मोहरी प्रत्येकी १०० ग्रॅम. हळदही तेवढीच, पण ती तुम्ही हातावर चोळून दाखवलीत आणि तो सांगलीकडचा माल असल्याचे सांगितलेत. मिरची मात्र एका जातीची घेऊ नका, हे तुमचे म्हणणे माझ्या सर्वांत उपयोगी पडले: रंगासाठी पाव किलो बेडगी, आणि तिला तिखटपणा बेताचाच म्हणून जोडीला १०० ग्रॅम संकेश्वरी. लवंग, मिरी आणि दालचिनी थोडी थोडी, अख्खी, दळलेली मुळीच नको. अख्खा जिन्नस डबा घट्ट असला तर वर्षभर वास धरून राहतो आणि पूड केली की तो उडायला लागतो, हे कळायला मला सोळा बाटल्यांचा खर्च करावा लागला होता. दालचिनीचे जाड साल तुम्ही मोडून माझ्या नाकाशी धरलेत आणि पातळ पापुद्र्यांची महागडी दालचिनी वाटणाच्या मसाल्यात वाया जाते, असे स्वच्छ सांगितलेत. हिंग बाहेरदेशीच्या डिंकापासून होतो आणि बांधणीच्या, म्हणजे मिसळ करून बनवलेल्या, हिंगात मैद्यासारखे पीठ असतेच, तेव्हा मोठ्या डबीच्या मोहात न पडता छोटी घ्या, म्हणालात.

दगडफूल मी स्वतःहून खोडणार होते. कचऱ्यासारखे दिसणारे ते पापुद्रे आणि त्यांना वासही नाही, असे माझे मत होते. तुम्ही हसून म्हणालात, "कच्च्याला वास नसतो, तेलात टाकून बघा." पाहिले. या एका गोष्टीसाठी मी वेगळे पत्र लिहू शकेन, कारण त्या दिवसापासून आमच्या वाटाण्याच्या उसळीची शेजारी चौकशी होते.

पण हे सगळे ज्ञान कदाचित दुसरीकडेही मिळाले असते. मी हे पत्र लिहिते आहे ते वेलचीसाठी. यादीच्या शेवटी ती होती आणि मी ती मागायला घाबरत होते. पाडव्याला थोडी खीर करायची होती, एवढेच. शेवटी मी खाली पाहत "पाच ग्रॅम" म्हटले. तुम्ही काही बोलला नाहीत. मोठ्या काट्यावर एवढे वजन नीट दिसत नाही, म्हणून फळीच्या खालून एक छोटा तराजू काढलात, त्याचे पारडे पदराने पुसलेत, इवलीशी वजने टाकलीत आणि वेलची एकेक करून घालू लागलात. शेजारी पाच किलो मसाला कांडून घ्यायला आलेले गिऱ्हाईक घाई करत होते. त्याला तुम्ही "थांबा, यांचं चाललंय" असे म्हणालात. पारडे हलायचे थांबेपर्यंत तुम्ही हात आखडून वाट पाहिलीत. मग एक वेलची काढलीत, तिच्याऐवजी दुसरी भरीव पाहून घातलीत, कागदाची पुडी बांधलीत आणि तिच्यावर पेन्सिलीने महिना लिहिलात. वर काही फुकट टाकले नाहीत, याबद्दल तर मी तुमची विशेष ऋणी आहे. दोन वेलच्या जास्त मिळाल्या असत्या तर त्या दया म्हणून मिळाल्या असत्या. तुम्ही मला गिऱ्हाईक मानलेत.

परतीच्या गाडीत मला रडू आले. शेजारच्या बाईंना वाटले, मिरचीचा ठसका लागला असेल. पाकिटात १३० रुपये उरले होते.

चांगुलपणाविषयी आपल्याकडे फार मोठ्या तोंडाने बोलले जाते. तो दानधर्मात असतो, रक्तदानात असतो, हे खरेच आहे. पण माणूस अडचणीत असताना त्याला रोज लागतो तो दुसऱ्या प्रकारचा चांगुलपणा: बस कंडक्टरने सुटे पैसे नसल्याबद्दल न ओरडणे, डॉक्टरांनी स्वस्तातले औषध लिहून देताना आवाज न बदलणे, वाण्याने लहान पुडीही मोठ्या पुडीसारखीच दोऱ्याने बांधणे. याला खर्च येत नाही, म्हणूनच कदाचित तो दुर्मीळ असावा. आमच्या वाण्यावर माझा राग होता. आता तो पुष्कळसा ओसरला आहे, पण वेलची अजूनही मी त्याच्याकडून घेत नाही, एवढा आकस ठेवण्याची मुभा मला असावी.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी दर महिन्याला खोडलेल्या यादीतला एकच जिन्नस घेत गेले. एका महिन्यात एक जायफळ घेतले, ते अजून निम्मेसुद्धा किसून झालेले नाही. पुढच्या महिन्यात नागकेशर, मग थोडी खसखस. सोळा बाटल्या रिकाम्या करून, उन्हात वाळवून त्यांत हे सगळे अख्खे भरले आहे आणि तो फिरता स्टँड गॅसपासून दूर, कपाटाच्या आत ठेवला आहे. आता तो फिरत नाही, पण कामाला येतो. तिखटाच्या बरणीत हिंगाचा खडा आहे. संक्रांतीच्या आधी धणे, खोबरे, तीळ आणि तुमचे दगडफूल भाजून मिक्सरवर थोडासा गोडा मसाला मी स्वतः केला, आणि सासूबाईंनी चव घेऊन "बरा झालाय" असे म्हटले. आमच्या घरात याहून मोठे प्रशस्तिपत्र दिले जात नाही.

यजमानांना जानेवारीत दुसरी नोकरी लागली. एप्रिलमध्ये ऊन तापले की मी मिरच्या घ्यायला येणार आहे आणि या वेळी दोन किलोंचे कांडण तुमच्याच डंकावर करून घेईन. वेलची मात्र पाच ग्रॅमच लागेल, तेव्हा तो छोटा तराजू हाताशी असू द्यावा.

आपली कृतज्ञ,
डोंबिवलीची एक गिऱ्हाईक