भाजल्यावर टूथपेस्ट नको

महोदय,

दिवाळी जवळ आली की भाजण्याच्या बातम्या सुरू होतात आणि त्यांच्यामागून टूथपेस्ट, शाई, हळद लावण्याचे सल्लेही. भाजलेली जागा आधी 20 मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावी, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

त्यानंतरच्या पट्टीसाठी हायड्रोजेल हा उत्तम पर्याय आहे. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारख्या पॉलिमरच्या (लांब साखळ्यांसारखे रेणू असलेल्या पदार्थाच्या) द्रावणावर गॅमा किरण सोडले की त्याच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि पाणी धरून ठेवणारी लवचिक, पारदर्शक चकती तयार होते. त्याच किरणांनी ती निर्जंतुकही होते. जखम ओलसर राहते, पट्टी न उघडता दिसते आणि बदलताना कोवळी कातडी सोलून निघत नाही. चिकटलेले गॉज काढताना लहान मुलाने फोडलेला टाहो ज्याने ऐकलाय, त्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. (खोलवर भाजले असेल तर अर्थातच थेट रुग्णालय.)

हे तंत्र बाहेरून आणायचेही नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ते विकसित केले आहे. मग चुलीवर, स्टोव्हवर भाजलेले रुग्ण जिथे आधी येतात, त्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ही पट्टी कायम उपलब्ध ठेवायला अडचण कसली? आरोग्य विभागाने याचे उत्तर द्यावे.

– एक निवृत्त परिचारिका, पनवेल