बुक परत जाण्याआधी : गिटारवाल्या दादांना

दादा,
स. न. वि. वि.

सोमवारी ‘गिटार १’चं बुक, म्हणजे गिटारवादकाच्या छापील स्वरलिपीची पुस्तिका, भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे परत जायचंय. पेन्सिलीच्या सगळ्या खुणा खोडूनच ते द्यावं लागतं. खोडरबर हातात घेण्याआधी हे पत्र, आणि तेही उघडं. कारण म्युझिकलच्या पिटमध्ये, म्हणजे रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात, बदली गिटारवादक म्हणून बसणाऱ्या कुणालाही तुमच्या खुणा उपयोगी पडतील.

बदली वादकाच्या वाट्याला तालीम येत नाही. फार तर एक प्रयोग शेजारी बसून बघायचा आणि पुढच्या प्रयोगाला थेट वाजवायचं. काय वाजवायचं ते छापलेलं असतं. त्याआधी हात कुठे असला पाहिजे, हे कुठेच नसतं. ते तुम्ही लिहून ठेवलंत.

वाद्यबदलाचंच बघा. ‘इथून बँजो’ एवढंच छापलंय आणि मध्ये आठ बार रिकामे. शेजारी तुमच्या अक्षरात ‘१६ से.’ चार मात्रांचा बार, मिनिटाला १२० मात्रा, म्हणजे एका बारला दोन सेकंद. १६० ची लय असती तर हेच आठ बार बारा सेकंदांत संपले असते. त्याखाली क्रम : टाच दाबून व्हॉल्यूम पेडल बंद, गिटार उजव्या स्टँडवर, बँजो मांडीवर, मग नजर वर. पेडल आधी, हे तुम्ही दोनदा अधोरेखित केलंय. ते उघडं राहिलं की गिटार स्टँडला टेकल्याचा धप्प आवाज स्पीकरमधून थेट संवादावर पडतो. पान मात्र या आठ बारांत उलटायचंच नाही. ते आधीच्या ओळीत, उघडी तार वाजत असताना डाव्या हाताने. त्यासाठी वरचा कोपरा दुमडलेला.

‘शिकागो’सारख्या १९२० च्या दशकात घडणाऱ्या म्युझिकलमध्ये बँजो येतोच, आणि तो गिटारवाल्याच्याच गळ्यात पडतो. चार तारांचा टेनर बँजो मुळात सी-जी-डी-ए असा लावतात. गिटारच्या बोटांनी वाजवायचा तर डी-जी-बी-ई, म्हणजे गिटारच्या वरच्या (बारीक) चार तारांसारखा. इथे बहुतेकजण फसतात. नेहमीचाच तारांचा संच ठेवून नुसत्या खुंट्या फिरवल्या तर सर्वांत बारीक तार ए वरून ई वर, तब्बल पाच अर्धस्वर खाली येते आणि पडद्यांवर (दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांवर) खडखडते. तिच्या शेजारची डी वरून बी वर, तीन अर्धस्वर खाली. त्या दोन तारा जाड हव्यात, ही तुमची चिठ्ठी पेटीच्या झाकणाला अजून चिकटलेली आहे. ‘तारा एकेक करून बदला’ हेही तिथेच. बँजोची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते. सगळ्या एकदम काढल्या की ती निसटते, आणि मग बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक आणि दाबलेला सूर जुळेपर्यंत ती सरकवत बसायचं. आवाज दबावा म्हणून बँजोच्या मागच्या बाजूने खोचलेल्या हातरुमालाबद्दल पहिल्या ओळीतल्या व्हायोलिनवाल्यांतर्फेही आभार.

म्युझिकलचे संगीतकार बहुधा पियानोवर बसून लिहितात, त्यामुळे बुकात ई-फ्लॅट, ए-फ्लॅट, डी-फ्लॅट यांची रेलचेल. तिन्हींना कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) पहिल्या पडद्यावर. बोटं अनुक्रमे डी, जी, सी ची. तुमची खूण ‘कॅ १ / जी’ एवढीच. पण शेवटच्या कडव्याआधी अर्धा स्वर चढतो तिथे तुम्ही कॅपोवर काट मारून बारे कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून) लिहिलेत, कारण दोन मात्रांत कॅपो सरकवून तारा सुरात राहत नाहीत. आणि सहा-सहा सुरांचे गच्च कॉर्ड छापलेत तिथे ‘वरचे ३ पुरे’. खालचं काम बेसवाला करतोच आहे. अरेंजरला न दुखावता दिलेला याहून चांगला सल्ला आम्हाला माहीत नाही.

व्हॅम्प म्हणजे संवाद संपेपर्यंत फिरवत राहायचे दोन किंवा चार बार. संगीत नाटकात ऑर्गनवाला गायकाच्या तानेमागे कुठेही जाऊ शकतो. इथे बार मोजून बांधलेले, लवचीक जागा एवढीच. म्हणून तिथे सगळ्यात जास्त चुका होतात. बोटं आपोआप चालतात, डोकं भलतीकडे जातं, आणि बाकीचे पुढे सरकले तरी गिटार तिथेच घुटमळते. तुम्ही प्रत्येक व्हॅम्पवर चष्म्याचं चित्र काढलंय : कंडक्टरकडे बघ. खाली संवादाचे शेवटचे तीन-चार शब्द. छापलेला इशारा जिथे प्रयोगात बदलला, तिथे जुन्यावर काट.

घरघरीचा उपायही तुमचाच. रंगमंचाचे दिवे मंद-प्रखर करणाऱ्या डिमरच्या वायरी जवळ असल्या की गिटारचा सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन टिपणारा भाग) गुणगुणतो. खुर्ची थोडी फिरवली की आवाज कमी होतो, म्हणून जमिनीवर टेपने खुर्चीचा कोन आखलेला. तरीही राहिली तर डीआय बॉक्सवरचं (गिटार साउंड सिस्टीमला जोडणाऱ्या पेटीवरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण. प्लगची अर्थिंगची पिन काढायची नाही, कधीच नाही.

नायलॉनच्या नव्या तारा ताणत राहतात, त्या प्रयोगाच्या तीन-चार दिवस आधी. स्टीलच्या आदल्या दिवशी. हे आता पाठ झालंय.

सगळ्या खुणा बार क्रमांकासह एका वहीत उतरवून घेतल्यात. २बी पेन्सिल, हलका हात, त्यामुळे पानं भराभर स्वच्छ होताहेत. फक्त शेवटच्या गाण्याच्या विरामाजवळ तुम्ही कुणाची तरी टणक पेन्सिल घेऊन दाबून लिहिलेलं दिसतंय. शिसं गेलं, खाच राहिली. स्टँडवरचा दिवा तिरपा धरला की अजून वाचता येतं : ‘ती श्वास घेईल. थांब.’

तुमच्या खुर्चीवर बसणारे,
आम्ही दोघे