पोर्टचं मी ठरवलंय

अमित बाळा,

फोनवर तू ऐकून घेत नाहीस आणि मधेच तुझी मीटिंग निघते, म्हणून लिहूनच पाठवतेय, लांबलंय, रात्री निवांत वाच.

काल ओपीडीत गुरुवारच्या छातीच्या कॅन्सरच्या ऑपरेशनचा फॉर्म सहीला दिला तर पोर्टच्या, म्हणजे केमोची औषधं द्यायला कातडीखाली बसवतात त्या डबीच्या चौकोनात आधीच टिक. म्हटलं हे कुणी केलं, तर सिस्टर म्हणते मुलाशी बोलणं झालंय, एकाच भुलीत उरकून टाका म्हणालेत. म्हणजे गाठ माझी, छाती माझी आणि ठरवणार हिंजवडीत बसून तू! राग आलेला, आता गेलाय. पण फिशचा, म्हणजे गाठीच्या तुकड्यावरच्या पुढच्या तपासणीचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय पोर्ट बसवायचा नाही हे मी डॉक्टरांना सांगून आलेय, त्या टिकवर काट मारून शेजारी सही पण केलीय.

तू का घाई करतोयस ते कळतंय मला. आत्याचा हात तू बघितलायस. ते केमोचं लाल इंजेक्शन शिरेतनं बाहेर झिरपलं आणि मनगटाच्या वरची कातडी काळी पडून गेली, शेवटी मांडीची कातडी काढून लावावी लागली. ते अ‍ॅड्रियामायसिन, शिरेबाहेर आलं की आतलं मांस जाळतं. तसलं औषध मला लिहून दिलं तर मी एक शब्द न बोलता पोर्ट घालून घेईन. पण ते मला द्यायचंय असं अजून कुणी म्हटलेलंच नाही रे.

बायोप्सीचा रिपोर्ट परत उघडून बघ. गाठ दीड सेंटिमीटर, ईआर पीआर दोन्ही पॉझिटिव्ह, म्हणजे गाठ हार्मोनवर वाढणारी, आणि हर-टू या गाठ वाढवणाऱ्या प्रोटीनच्या पुढं टू प्लस. थ्री प्लस असतं तर सरळ पॉझिटिव्ह, झिरो नाहीतर वन प्लस असतं तर निगेटिव्ह, हे मधलं टू प्लस म्हणजे तळ्यात मळ्यात, म्हणून सँपल फिशला पाठवलंय. फिश निगेटिव्ह आला आणि काखेतल्या गाठी साफ निघाल्या तर बहुतेक केमो लागणार नाही असं डॉक्टरच म्हणाले, रेडिएशन आणि पाच वर्षं रोज एक गोळी. मग तो पोर्ट काय शोभेला ठेवायचा? आणि काढायला परत टेबलावर झोपायचं. पॉझिटिव्ह आला तर बारा आठवडे पॅक्लिटॅक्सेलची केमो आणि त्याच्याबरोबर हर-टूवरचं ट्रॅस्टुझुमॅब, ते पुढं दर एकवीस दिवसांनी वर्ष पुरं होईपर्यंत. त्यातसुद्धा लाल औषध नाही, गाठ लहान आहे म्हणून. पण डाव्या काखेतल्या गाठी काढल्या की डाव्या हाताला शक्यतो टोचायचं नाही म्हणतात, म्हणजे वर्षभर सगळा मारा उजव्यावर, आणि कात्री मी त्याच हातानं धरते. असं झालं तर पोर्टच बरा, ते मी पण मानते.

मी काही न बघता नको म्हणत नाहीये. डॉक्टरांनी ड्रॉवरमधनं नमुना काढून हातात दिला. इंचभर डबी, खाली टायटॅनियम, वर सिलिकॉनचा पडदा आणि त्याला बारीक नळी. डबी गळपट्टीच्या हाडाखाली कातडीच्या आत शिवतात, गाठीच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे मला उजवीकडं, आणि नळी मानेच्या शिरेतनं हृदयाच्या वरच्या मोठ्या शिरेपर्यंत नेतात. तिथं रक्त इतकं वाहतं की औषध लगेच पातळ होतं, शीर भाजत नाही. आणि त्याची सुई वेगळी असते, ह्यूबर नीडल. होजिअरीला आपण बॉलपॉइंट सुई लावतो ना, धागा तोडत नाही, बाजूला सारून जाते, तशीच ही सिलिकॉनचा तुकडा न काढता आत शिरते, म्हणून तो पडदा हजार वेळा टोचला तरी गळत नाही. खरं सांगू, मला तर आवडलीच ती सुई!

मग मी विचारलं की डबी नेमकी कुठं येणार, तर त्यांनी बोट ठेवलं ते बरोबर आतल्या पट्टीच्या जागेवर. तुला आईनं असलं लिहू नये पण सगळा जन्म ब्लाउज शिवण्यात गेलाय, पट्टी दिवसभर कुठं घासते ते मला नाही कळणार तर कुणाला. म्हटलं बसवायचाच झाला तर आदल्या दिवशी मी ब्लाउज घालून उभी राहते, तुम्ही पेननं खूण करा आणि दोन बोटं आत सरकवा. हसले, पण चालेल म्हणाले.

एकदाच भूल बरी, हा तुझा मुद्दा. अरे पोर्टला पूर्ण भूल लागतच नाही, जागा बधिर करून तासाभरात होतं, संध्याकाळी घरी. उलट नुसता पडून राहिला तरी महिना दीड महिन्यानं फ्लश करायला, म्हणजे नळी धुवायला मिरजेला जा, नाहीतर नळी तुंबते. आणि माझी शुगर बघता इन्फेक्शनची भीती आहेच, झालं तर तो काढावाच लागतो. फुकटचं कशाला ओढवून घ्यायचं? दंडातनं बाहेर येणारी पिक लाईनची नळी पण सांगितली त्यांनी, दर आठवड्याला ड्रेसिंग आणि पाणी लागू द्यायचं नाही, मी तिथंच नको म्हटलं. पैशाचा प्रश्न नाही, तुझी पॉलिसी आहे, त्यामुळं मी पैसे वाचवतेय असं सूनबाईला सांगू नकोस.

फिश मंगळवारपर्यंत येईल म्हणालेत. पॉझिटिव्ह आला तर गुरुवारी त्याच भुलीत बसवा असं मीच सांगेन, नवीन फॉर्मवर टिक करायला कितीसा वेळ लागतो. उशीर झाला तर गुरुवारी फक्त गाठ, बाकीचं नंतर. लॅबला मेल आयडी तुझा दिलाय, तेव्हा रिपोर्ट आला की आधी मला फोन करायचा, मग डॉक्टरांना. आणि बुधवारी निघताना ऑफिसचा लॅपटॉप आणू नकोस, बाबांना तुझ्याशी बोलायचं असतं.

तुझी आई