आंजर्ल्याच्या काकी, कावळे पण लिहिलेत त्याबद्दल थँक्यू

प्रिय काकी,

हे सगळ्यांना दिसेल असं इथेच लिहितेय, तुमचा नातू वाचून दाखवेलच. कोकण किनाऱ्यावरचे पक्षी कुठे कमी होतायत, कुठे नव्याने येतायत ह्यावरचं माझं काम परवा संपलं आणि त्यातला सगळ्यात भरवशाचा भाग तुमच्या किराणाच्या वहीतून आलाय.

२०१९ ला मी तुमच्या खळ्यात (अंगणात) बसून सांगितलं होतं की रोज सकाळी १५ मिनिटं, जे दिसेल ऐकू येईल ते सगळं लिहायचं. तुम्ही म्हणालात, "काय गो, कावळे पण?" हो काकी, कावळे पण! कारण लोक मोबाईलवर धनेश दिसला की टाकतात, चिमण्या सोडून देतात, मग अमुक पक्षी नव्हता की कुणी लिहिलाच नाही हे कळणार कसं? ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या वेबसाईटवर, म्हणून विचारतात, किती वेळ बघितलं आणि दिसलेले सगळे लिहिलेत का. आता नोंदी टाकणारे खूप वाढलेत, नोंदी वाढल्या म्हणजे पक्षी वाढले असं होत नाही ना, तो हिशोब ह्या मिनिटांवरच बसतो.

तुमच्या वहीत तीन वर्षं मोर नाही. मग २०२२ च्या पावसात एक दिवस "मोर १, नुसता आवाज, वरच्या कातळाकडून" आणि पुढे दर महिन्याला. मोर देशभर वाढतोय, आधी नव्हता तिथेही पोचलाय, हे 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' च्या २०२३ च्या अहवालात आहे, तो ३० हजारांहून जास्त लोकांच्या नोंदींवरच उभा आहे. एका खळ्यावरून मी कारण सांगू शकत नाही, पण आधीची ती मोर नसलेली पानं नसती तर मोर "आला" असंसुद्धा म्हणता आलं नसतं.

आणि निसर्ग वादळानंतरचं पान. ३ जून २०२० ला काही नाही, ४ ला पेन्सिलीने, "पत्रे गेले. माड ११ पडले. कावळे ४." वाडी आडवी झालेली, घरात पाणी, लाईट नाही, आणि तुम्ही १५ मिनिटं बसलात. ते पान टाईप करताना मी बराच वेळ तशीच बसून होते. वड पडल्यावर ककणेर, म्हणजे धनेशच, किती दिवस फिरकले नाहीत तेही त्यातच सापडलं.

एक चूक माझी, ती इथे कबूल करते. सुरुवातीला मी "आज काही नाही, धुवांधार" वाले दिवस गाळले होते, बिनकामाचे वाटले. नंतर सगळे परत भरले.

वही फडताळात डाव्या बाजूला ठेवलीय, फोटो काढून घेतलेत. १४ जुलै २०२१ च्या पानावर पाणी पडलंय, ढोकरी (बगळ्यातला पक्षी) ३ की ६ ते लागत नाहीये. नाही आठवलं तर तसंच सांगा, अंदाजाने नको, मी आकडा न घालता नुसती 'होती' एवढीच नोंद ठेवीन.

तुमचीच,
खळ्यातली पाहुणी