भडंगाची झडती

रविवार, 23 नोव्हेंबर 2025
रात्रीचे अकरा

प्रिय रव्या,

तू सुमनमावशींबरोबर पाठवलेल्या भडंगाची इथे इंग्लंडात पोलिसांनी झडती घेतली. रीतसर, हातमोजे घालून, डबा उघडून.

हसून घे, मग पुढे वाच. दीड वर्षात पत्र नाही आणि सुरुवात ही अशी. मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठे दाखवले त्याला तू पत्र मानत नाहीस, ठाऊक आहे. तब्येत ठीक. गुडघा तसाच, साखर काठावर, गोळ्या चालू. झालं.

तर अर्णव. सप्टेंबरच्या शेवटी जिममधून घरी येत होता, साडेआठची वेळ. पुलाजवळ गाडी थांबली, दोघं उतरले. बॅग, खिसे, बूट. चाकू शोधत होते म्हणे. इथे झडती घ्यायची तर पोलिसाने आधी आपलं नाव, ठाणं, कुठल्या कायद्याखाली, काय शोधतोय आणि का, हे सगळं सांगावं लागतं. नोंदीची प्रत मागितली तर तीही द्यावी लागते. आमच्या चिरंजीवांना हे तोंडपाठ. त्याने प्रत मागितली आणि घरी येऊन फ्रिजवर लावली, वर जोशीकाकूंनी दिलेला गणपतीचा मॅग्नेट. कारणाच्या रकान्यात काय, तर वर्णन जुळलं: उंच, सावळा, काळं जर्किन. रव्या, या वर्णनात आमच्याकडचं निम्मं गाव बसतं.

मी विचारलं, "पोलीस उद्धट बोलला का?" तर म्हणाला, "नाही बाबा, नीट बोलला. भडंग म्हणजे काय विचारलं. मी म्हटलं, खाऊन बघा. नको म्हणाला." त्याला त्याचं काहीच नाही. मित्रांना रंगवून सांगतो. झोप उडाली ती माझी.

मी तक्रार केली. मी! तू आत्ता खुर्चीत सावरून बसला असशील. सहा आठवड्यांनी उत्तर आलं: दिलेली सेवा 'स्वीकारार्ह' होती. सांबार कसं होतं विचारल्यावर सांगतात तसं. तळाशी एक ओळ, निकाल मान्य नसेल तर 28 दिवसांत फेरतपासणी मागा. कुणाकडे? तर पोलीस अँड क्राइम कमिशनरच्या कार्यालयाकडे. ती ओळ वाचली आणि मी पायरीवरच बसलो. कारण ज्या माणसाच्या निवडणुकीत मी मुद्दाम, मोठ्या तोऱ्यात, कोरी मतपत्रिका टाकून आलो होतो, तोच हा.

तू म्हणशील, कमिशनर म्हणजे साहेब, आयपीएस, त्याची कसली निवडणूक? आई पण तेच म्हणाली. "कमिशनरला निवडून देता? मग चौकातला हवालदार कोण निवडतं?" हा पोलीस नव्हेच. बहुधा पक्षाच्या तिकिटावर उभा राहणारा साधा माणूस, पोलिसांवर लोकांच्या वतीने बसवलेला. 2011 साली कायदा झाला, 2012 ला पहिली निवडणूक. लंडन, मँचेस्टरसारख्या ठिकाणी हे काम महापौराकडे; बाकीकडे दर दलावर एक कमिशनर. चीफ कॉन्स्टेबलला नेमायचं, नाही पटला तर घालवायचं, घरपट्टीतली पोलिसांची रक्कम ठरवायची. (चीफ कॉन्स्टेबल हा दलाचा सर्वांत वरचा साहेब. आईला अजून हवालदारांचा मुकादम वाटतो.) कुणाला धरा नि कुणाला सोडा, हे मात्र त्याने सांगायचं नाही. आणि 2020 पासून माझ्यासारख्यांच्या काही तक्रारींची फेरतपासणीही त्याच्याच कार्यालयात.

गंमत म्हणजे मला मत आहे. पासपोर्ट अजून आपलाच, पण कॉमनवेल्थमधला माणूस इथे कायद्याने राहत असला की त्याला मत. ओळखपत्र म्हणूनही तोच चालतो. सिंहांचा छाप दाखवून इंग्रजांच्या पोलिसांवर माणूस नेमायचा! तिकडे गावच्या यादीतून माझं नाव केव्हाच कापलं असेल आणि नसलं तरी मत टाकायला स्वतःच यावं लागतं.

2012 ला मी गेलोच नाही. नोव्हेंबरचा गारठा होता, आणि एकटा मीच नव्हतो. शंभरातले पंधरा गेले. वेल्समध्ये न्यूपोर्टच्या एका केंद्रावर तर दिवसभरात एकही मत पडलं नाही. विचार कर, केंद्राधिकारी काय करत बसला असेल. दोन वर्षांनी बर्मिंगहॅमकडे पोटनिवडणूक झाली, ऐन ऑगस्टात, तिथे शंभरात दहा. आपल्या पतपेढीच्या निवडणुकीला याहून जास्त येतात, भले जेवणासाठी का होईना.

2 मे 2024 ला मात्र गेलो. दोन पत्रिका मिळाल्या. कौन्सिलची भरली, कचरा, खड्डे, तेवढं कळतं मला. पोलिसांची हातात धरून उभा राहिलो. दोरीला बांधलेली पेन्सिल, समोर चार नावं. एकाचंही तोंड कधी पाहिलेलं नाही, घरी चिठोरं आलेलं नाही. प्रत्येकापुढे पक्षाची खूण. पोलीस आणि पक्ष एका पंगतीला बसले की काय होतं हे तुला-मला कुणी शिकवायला नको. शिवाय डोक्यात तो साउथ यॉर्कशायरचा शॉन राइट. रॉदरहॅमला सोळा वर्षांत चौदाशेच्या आसपास मुलांचं लैंगिक शोषण झालं, पोलिसांनी आणि कौन्सिलने तिकडे डोळेझाक केली, असं 2014 च्या अहवालात आलं. हे गृहस्थ आधी त्याच कौन्सिलमध्ये मुलांच्या खात्याचे प्रमुख आणि अहवाल आला तेव्हा कमिशनर. पंतप्रधानांनी सांगितलं पायउतार व्हा, पक्षाने सांगितलं, हे खुर्ची सोडेनात. आणि निवडून दिलेला म्हणून त्याला काढण्याची सोयच कायद्यात नाही! तीन आठवड्यांनी स्वतःच गेले तेव्हा गेले. म्हटलं, असल्या खुर्चीसाठी मी फुली मारणार नाही. कोरी घडी घातली, पेटीत टाकली. बोटाला शाई नाही, त्यामुळे पुरावाही नाही.

मेधाने मत दिलं होतं. घरी येताना ऐकवलं, "कोरी पत्रिका काय सांगते रे? मोजणारा ती बाद म्हणून बाजूला टाकतो. विसरलेला, वैतागलेला आणि तुझ्यासारखा तत्त्ववाला, सगळे एकाच गठ्ठ्यात."

मी गप्प. कारण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, तुझ्या तोंडून, जरा जास्त शिव्या घालून. मास्तरांची निवडणूक. आम्ही चौघं मतदानाच्या दिवशी पन्हाळ्याला गेलो, आणि मास्तर अकरा मतांनी पडले. मी तुला गणित समजावलं की आम्ही चौघं असतो तरी सातने पडलेच असते. तू अर्धा चहा टाकून उठलास आणि सहा महिने बोलला नाहीस. माझं गणित बरोबर होतं, हे अजूनही म्हणतो. पण चहाचे पैसे मीच दिले होते, ते तू कधीच मोजत नाहीस.

आणि दुसरं, जे मेधाला सांगता येत नाही. विन्याची ठाण्यातली ती 97 ची रात्र. बाकी काही उगाळत नाही. सकाळी बाहेर आल्यावर तू मला विचारलंस, "यांची तक्रार करायची कुणाकडे?" मी म्हणालो, "कुणाकडेच नाही, चल, चहा घेऊ." मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. तेव्हा दिल्लीत पोलीस सुधारणेसाठीची प्रकाश सिंहांची याचिका वर्षभर पडून होती. स्वतः पोलिसांचा निवृत्त महासंचालक, तोच कोर्टात गेलेला. निकाल लागला 2006 ला, राज्यात आणि जिल्ह्यात तक्रार प्राधिकरणं नेमा म्हणून. आपल्याकडे कायदा आला 2014 ला. विन्या तोवर दोन पोरांचा बाप. आणि इथे, रव्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर छापून माझ्या हातात दिलं होतं, चार नावांसकट, आणि मी म्हणालो, चल, चहा घेऊ.

हे सगळं तुला लिहायचं ठरवलं आणि 13 तारखेला बातमी: पदच रद्द करणार. मे 2028 ला मुदत संपली की कमिशनर नाहीत. जिथे महापौर आहेत तिथे त्यांच्याकडे काम, बाकीकडे कौन्सिलच्या पुढाऱ्यांचं मंडळ. प्रयोग फसला, लोकांना आपल्या कमिशनरचं नावसुद्धा माहीत नसतं, असं सरकारचं म्हणणं. मला तरी कुठे होतं? फॉर्म भरताना शोधावं लागलं.

वाईट झालं असं छातीठोक म्हणवत नाही. कदाचित महापौर बरा पडेल, निदान त्याचं तोंड ओळखीचं असतं. पण त्या कारणात माझा कोरा कागद आहे, हे जात नाही डोक्यातून. आम्हीच पाहिलं नाही आणि आता म्हणतात कुणी पाहतच नाही म्हणून बंद. तू म्हणशील, पश्या, एका कागदाने एवढी मोठी व्यवस्था पडली असं वाटतंय तुला, काय ही ऐट! बरोबर. पन्हाळ्याचं गणित इथेही लागू आहे.

फॉर्म अजून टेबलावर आहे. पुढच्या शुक्रवारपर्यंत गेला पाहिजे. ते लोक नव्याने चौकशी करत नाहीत. उत्तर वाजवी होतं का एवढंच बघतात, आणि नसलं तर पोलिसांना शिफारस करतात. म्हणजे फार काही होणार नाही. एक रकाना आहे, निकाल का मान्य नाही. तिथे तीन दिवस अडकलोय. पहिल्यांदा लिहिलं, 'माझा मुलगा चांगला आहे.' मग आठवलं, आप्पा त्या सकाळी टोपी हातात घेऊन हेच म्हणत होते, "पोरगा चांगला आहे हो साहेब." खोडलं. अर्णव चांगला नसता तरी काळं जर्किन हे कारण होत नव्हतं. मग तेच लिहिलं, इंग्रजीत, दोन ओळींत. मेधा म्हणते, सूर चढलाय. असू दे.

तुझं सांग. वहिनींचा अर्ज राहिला की मागे घ्यायला लावला? इतकी वर्षं रखडलेल्या निवडणुका, आता 2 डिसेंबरला तरी होऊ देत. प्रभाग तोच ना? रेवाला बंगलोर मानवलं का? आप्पांच्या वर्षश्राद्धाला येतो म्हणालो आणि आलो नाही, त्याबद्दल काही लिहायला गेलो की खोटं वाटतं, म्हणून लिहीत नाही. जानेवारीत येतोय, तिकीट काढलंय. घाटावर बसू. भडंग पुन्हा पाठवलंस तर लसूण जास्त टाक, पंचनाम्यात वास तरी नोंदवतील.

तुझा,
पश्या

ता. क. हे विन्याला दाखवू नकोस. किंवा दाखव, तूच ठरव. त्याला ते चहाचं माहीत आहे का, मला अजून कळलेलं नाही.